तुंबलेल्या नेटला किती बँडविड्थ वाढवून लागेल? अंदाज काढायची रीत

१०० एमबीपीएसची लाइन दुपारी बारा वाजले की रखडते, मग २०० ची घ्यायची का? बहुतेक ठिकाणी आकडा असाच ठरतो. ‘दुप्पट करून टाका.’ कधी तो पुरतो, कधी निम्मे पैसे वाया जातात, आणि कधी बिल वाढूनही गोल फिरायचं थांबत नाही, कारण दुखणं लाइनचं नव्हतंच.

अंदाज काढताना खरी गोम एकच आहे. तुंबलेल्या लाइनचा आलेख लाइनने किती दिलं तेवढंच सांगतो. लोकांना किती हवं होतं, ते त्यात उमटतच नाही. अर्ध्या इंची नळापुढे दहा बादल्या असोत की पन्नास, मीटरवर अर्ध्या इंचाचंच पाणी दिसणार. रांगेतल्या बादल्या मोजायच्या कशा, तेच इथे पाहायचं आहे.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज धरू. ६० संगणकांची लॅब, कार्यालय, प्राध्यापकांचे लॅपटॉप, पोरांचे फोन, आवारातच वसतिगृह, आणि सगळ्यांना मिळून १०० एमबीपीएसची एक लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली). आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत दवाखान्यापासून कॉल सेंटरपर्यंत कुठेही चालते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नेटवाला ‘शंभर एमबी’ म्हणतो ते मेगाबिट असतात, आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. ८ ने भागायचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटपेक्षा जास्त दिसूच शकत नाही. ‘शंभरची लाइन आणि स्पीड फक्त बारा’ ही तक्रार घेऊन भांडायला जाऊ नका.

आधी लाइनच तुंबलीय याची खात्री करा

एक लॅपटॉप केबलने थेट मुख्य राउटरला जोडा. ट्रेसर्ट कमांडने ८.८.८.८ चा, म्हणजे गूगलच्या सर्व्हरचा, मार्ग काढा. पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्याची. आता तीन खिडक्यांत तीन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) सतत चालू ठेवा: आपला राउटर, दुसऱ्या ओळीतला पत्ता आणि ८.८.८.८. एकदा सकाळी सातला, एकदा ऐन गर्दीत.

आपल्या राउटरचा पिंग केबलवर १ मिलिसेकंद आणि त्याच वेळी वायफायवर ८० येत असेल, तर दुखणं वायफायचं आहे. एका ॲक्सेस पॉइंटवर (वायफायच्या डब्यावर) सत्तर फोन लटकलेत किंवा शेजारचे तीन पॉइंट एकाच चॅनेलवर आहेत. तिथे बँडविड्थ ओतून काही होत नाही. दुसऱ्या टप्प्याचा पिंग सकाळी ४ आणि दुपारी २०० असेल, तर रांग तुमच्या लाइनच्या तोंडाशीच लागलीय. दुसरा टप्पा ठीक पण तिसरा पिंग (८.८.८.८) उसळतोय किंवा पॅकेट गळतायत, तर कोंडी कंपनीच्या पुढच्या वाटेवर आहे. उलट, दुसरा टप्पा वाईट आणि तिसरा झकास दिसला तर घाबरू नका. काही राउटर पिंगला उत्तर द्यायचं काम सगळ्यात शेवटी करतात.

यूट्यूब लोण्यासारखं चालतं, स्पीडटेस्ट पूर्ण येते, पण परीक्षेचं पोर्टल उघडत नाही, असंही होतं. यूट्यूबचा साठा आणि स्पीडटेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्येच असतो, त्यामुळे तिथवरचा रस्ता मोकळा दिसतो. बाहेर जाणारा अडलेला असेल तर तुमचा प्लॅन वाढवून तो रुंद होणार नाही. (आणि कधी पोर्टलच बसलेलं असतं, विशेषतः फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी.)

आलेख ९४ एमबीपीएसच्या आसपास कापल्यासारखा सपाट होत असेल आणि तुमची लाइन १०० पेक्षा मोठी असेल, तर आधी केबल बघा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक जोडी तुटली, उंदराने कुरतडली किंवा कनेक्टर नीट दाबला गेला नाही, की पोर्ट बिनबोभाट १०० वर उतरतो आणि त्यातून प्रत्यक्ष हाती ९४ च्या आसपासच लागतात. साध्या केबलच्या तुकड्याने बरा होणारा आजार आहे हा, आणि त्यासाठी लोकांनी प्लॅन बदललेले आहेत.

राउटरचा सीपीयूही गर्दीत पाहून घ्या. फायरवॉलमध्ये व्हायरस तपासणी आणि वेब फिल्टर चालू केले की डब्यावर छापलेला वेग बराच खाली येतो. सीपीयू ९५ टक्क्यांवर असेल तर अडथळा तोच.

दोन आठवडे मोजा

राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर एसएनएमपी (यंत्राचे आकडे दुरून वाचायची सोय) चालू करून दर पाच मिनिटांनी आकडे घ्या. आलेख काढायला एमआरटीजी, कॅक्टी, लिब्रेएनएमएस, काहीही चालेल. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर त्याचं स्वतःचं ग्राफिंगही पाच मिनिटांचे आलेख ठेवतं. मोजणी ६४ बिटी काउंटरवरून (किती बाइट गेले ते मोजणारा आकडा) करा. ३२ बिटी काउंटर १०० एमबीपीएसवर साधारण पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. मग आलेखात भलत्याच दऱ्या दिसतात आणि ‘मधेच नेट जातं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

येणारा आणि जाणारा वापर वेगवेगळा ठेवा. अपलोड तुंबला की डाउनलोडही मंदावतो, कारण ‘मिळालं, पुढचं पाठव’ हे निरोप त्याच तुंबलेल्या वाटेने जातात. २ एमबीपीएसचे १६ कॅमेरे क्लाउडवर पाठवत असाल तर चोवीस तास ३२ एमबीपीएस अपलोड तिथेच गेला. लीज्ड लाइनला दोन्ही बाजू सारख्या असतात; साध्या ब्रॉडबँडच्या काही प्लॅनमध्ये नसतात, ते वाचून घ्या.

त्याच पाच-पाच मिनिटांना चालू साधनांची संख्याही नोंदवा. डीएचसीपीची यादी (राउटरने पत्ते दिलेल्या साधनांची) मोजू नका. तिच्यात सकाळी येऊन गेलेला फोनही दिवसभर बसलेला असतो. मागच्या पाच मिनिटांत ज्याने काही शे केबी तरी हलवले, तेवढंच साधन चालू धरा. ही संख्या नसेल तर पुढचं गणित मांडताच येत नाही.

कंपनीकडून ‘९५ पर्सेंटाइल’चा अहवाल आला तर जपून. ३० दिवसांत पाच मिनिटांचे ८,६४० नमुने होतात. त्यातले वरचे ५ टक्के, म्हणजे ४३२ नमुने, म्हणजे ३६ तास सोडून देऊन उरलेल्यातला सर्वांत मोठा आकडा दाखवतात. कॉलेजची लाइन महिन्यात २५ दिवस, रोज तासभर तुंबत असेल तर ते २५ तास या ३६ तासांत बुडून जातात आणि अहवालात सगळं आलबेल. बिलिंगसाठी ती पद्धत ठीक आहे, पण तुम्ही फक्त कामाचे तास घ्या आणि त्यातला सर्वांत गर्दीचा तास बघा.

सपाट माथ्याखाली दडलेली मागणी

आता मूळ काम. लाइन भरली की आलेखाला पठार येतं. पठाराची उंची म्हणजे लाइनची क्षमता, तिचा मागणीशी संबंध नाही. मागणी वाचायची ती पठार सुरू होण्याआधीच्या चढावर, जेव्हा प्रत्येकाला हवं तेवढं मिळत होतं.

समजा सोमवारची नोंद अशी आहे:

१०:०० — ४५ साधनं, ३१ एमबीपीएस
१०:३० — ८० साधनं, ५४ एमबीपीएस
११:०० — १२० साधनं, ८१ एमबीपीएस
११:३० — १७० साधनं, ९७ एमबीपीएस
१२:१५ — २३० साधनं, ९७ एमबीपीएस

भागाकार करा. पहिल्या तीन ओळींत दर साधनामागे ०.६९, ०.६८, ०.६८ येतात. साधनं वाढली तरी दर हलत नाही, म्हणजे कुणाचंच अडत नव्हतं. साडेअकराला तो ०.५७ वर आला, सव्वाबाराला ०.४२ वर. पोरांची गरज अचानक कमी झाली नाही, लाइन संपली. तेव्हा सव्वाबाराची खरी मागणी २३० गुणिले ०.६८, म्हणजे सुमारे १५६ एमबीपीएस. आलेख ९७ म्हणत होता, रांगेत आणखी ५९ उभे होते.

ते ५९ गेले कुठे? टीसीपी, म्हणजे डेटा पोचवणारी नेटची पद्धत, पॅकेट गळलं की स्वतःहून हात आखडता घेते. व्हिडिओ प्लेअर ७२० वरून ३६० वर उतरतो. उरलेले लोक वैतागून मोबाइल डेटा चालू करतात. हे शेवटचे मोजणीतही येत नाहीत, आणि लाइन सुधारली की पहिल्याच आठवड्यात परत येतात.

एका सोमवारवर विसंबू नका. चार-पाच दिवसांचे दर काढून मधला घ्या. चढाच्या वेळेत कुणी मोठी फाइल उतरवत असेल तर तो दिवस सोडा, कारण एकटं डाउनलोड मिळेल तेवढी लाइन खातं आणि दर फुगवतं. शिवाय दहा वाजताची माणसं आणि बाराची माणसं एकच काम करतात का, तेही बघा. सकाळी कार्यालयाचे ईमेल आणि दुपारी लॅबमध्ये व्हिडिओ पाठ असतील, तर सकाळचा दर दुपारला लावणं चूक. मग हजेरी पातळ असलेल्या शनिवारच्या दुपारचा दर जास्त विश्वासाचा.

वसतिगृहाची गर्दी रात्री ९ ते ११:३०. समजा १३० साधनं, पण व्हिडिओमुळे दर ०.९, म्हणजे ११७. हे १५६ मध्ये मिळवायचं नाही. दोन गर्द्या वेगळ्या वेळी आहेत, मोठी तीच धरायची. रात्रीची मोठी निघाली असती तर आमचा सल्ला वेगळा असता: करमणुकीसाठी रात्री थोडी रांग लागली तर लागू द्यावी, दिवसाच्या कामासाठी नाही.

दुसऱ्या बाजूने ताळा

एकाच वाटेने आलेल्या आकड्यावर पैसे लावू नका. कामांची यादी करून खालून वर बेरीज करा. यूट्यूब ४८०पी ला १.१ एमबीपीएस लागतात, ७२०पी ला २.५, १०८०पी ला ५. झूमवर ७२०पी ची सामूहिक बैठक अपलोडला २.६ आणि डाउनलोडला १.८ घेते. जी.७११ या आवाजाच्या पद्धतीवरचा नेटवरून केलेला एक फोनकॉल हेडर धरून दोन्ही दिशांना ८७ केबीपीएसच्या आसपास. साध्या वेबला आणि फोनवरच्या निरोपांना आम्ही अनुक्रमे ०.५ आणि ०.१ धरतो, हा अंदाज आहे, तुमच्याकडे मोजलेला असेल तर तो वापरा.

सव्वाबारा वाजता लॅबमध्ये २० जण ७२०पी वर पाठ बघतायत: ५०. लॅबमधलेच १५ वेबवर: ७.५. सहा लॅपटॉप बैठकीत: ११. फोन १७४, त्यांतले ३० जण ४८०पी व्हिडिओवर: ३३, उरलेले १४४ निरोपांवर: १४. कार्यालयाचे १५: ७.५. बेरीज १२३. टॉर्च नावाच्या मायक्रोटिकच्या साधनात किंवा फायरवॉलच्या अहवालात त्याच वेळी अपडेट आणि फोटो बॅकअपचे २५ दिसले. एकूण १४८. वरून १५६, खालून १४८: हा ताळा जमला. दोन्हींत दीडपटीचा फरक पडला असता तर यादीतून काहीतरी निसटलंय, बहुधा कॅमेरे, बॅकअप नाहीतर कुणाच्या तरी खोलीतला खासगी राउटर.

शक्य असेल तर तिसरा ताळाही घ्या, आणि हा सगळ्यांत भारी. लीज्ड लाइन फायबरवर असेल तर वेग वाढवणं कंपनीला बऱ्याचदा त्यांच्या टोकाला एक आकडा बदलण्याइतकंच असतं. आठवडाभर २०० करून मागा. माथा १५० च्या आसपास गोल झाला, तर तीच तुमची मागणी. २०० वरही पठार आलं तर टॉर्च लावून बघा की ते शंभर लोक आहेत की चार डाउनलोडं.

विकत घेण्याआधी कचरा काढा

वरच्या २५ एमबीपीएसकडे परत या. विंडोजचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी सुटतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी लॅब उघडली की साठही संगणक एकदम त्याच फाइलवर तुटून पडतात. एकाला ८०० एमबी धरले तरी ४८ जीबी झाले. १०० ची अख्खी लाइन दिली तरी ६४ मिनिटं. विंडोज अपडेटच्या सेटिंगमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ‘स्थानिक नेटवर्कवरचे संगणक’ असं लावा, म्हणजे ते एकमेकांकडून घेतात. त्यासाठी आतल्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट ७६८० मोकळा हवा, आणि वायफायवर क्लायंट आयसोलेशन (साधनांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) असेल तर संगणकांना एकमेक दिसतच नाहीत. लॅबमध्ये रीबूट केल्यावर जुनी स्थिती परत आणणारं सॉफ्टवेअर असेल तर अपडेट उतरतो, रीबूटला पुसला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतो. महिनाभर. अशा ठिकाणी अपडेटची ठरावीक खिडकी ठेवून तेवढ्यापुरतं ते कुलूप काढावं लागतं. बॅकअप आणि कॅमेऱ्यांची पाठवणी रात्री दोननंतर.

स्क्विडचा कॅशे (एकदा उतरवलेली पानं साठवून पुन्हा देणारा सर्व्हर) लावावा का, हा जुना प्रश्न अजून येतो. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर असल्याने कॅशेला आतलं दिसत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

रांग मात्र नक्की शिस्तीत लावा. राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग सर्वांत वाटून लावायच्या पद्धती) चालू करून मर्यादा लाइनच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा, दोन्ही दिशांना. रांग कंपनीच्या डब्याऐवजी तुमच्या डब्यात येते आणि एकाच्या डाउनलोडमुळे दुसऱ्याची बैठक तुटत नाही. मायक्रोटिकवर हे त्याच्या राउटरओएस ७ या प्रणालीत आहे. पण फास्टट्रॅक (पॅकेटं झटपट पुढे सोडायची सोय) चालू ठेवलं तर सिंपल क्यू, म्हणजे तिथल्या रांगा, त्या पॅकेटांना लागूच होत नाहीत, आणि ‘क्यू लावली तरी फरक नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. याने मागणी कमी होत नाही. काही ठिकाणी मात्र त्रास इतका उतरतो की खरेदी सहा महिने पुढे ढकलता येते.

शेवटचा आकडा

१५६ मधून २५ वजा केले, उरले १३१. वर्षभराची वाढ २० टक्के धरली (मागच्या वर्षीचे आलेख असतील तर त्यातलीच वाढ घ्या), झाले १५७. पण लाइन १५७ ची घ्यायची नसते. पाच मिनिटांची सरासरी आतले सेकंदा-सेकंदांचे उसळे झाकते, आणि लाइन जितकी भरलेली तितकी रांग वेगाने वाढते. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात अर्ध्या भरलेल्या लाइनवर मोकळ्या लाइनच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. प्रत्यक्षातली वाहतूक त्या गणितापेक्षा जास्त उसळते. ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांतही कंपन्यांच्या दुव्यांसाठी गर्दीच्या तासाला ८० टक्क्यांच्या आत राहण्याचं बंधन होतं, आणि ९० ओलांडले की तो दुवा तुंबलेला समजून महिन्याच्या आत क्षमता वाढवायला सांगितलं होतं. आम्ही ७५ धरतो. १५७ भागिले ०.७५ म्हणजे २०९.

तेव्हा २०० ची लाइन घ्या. वर्षाच्या शेवटी ती ७८ टक्के भरेल, चालतं. कचरा न काढता हेच गणित १५६ वर केलं असतं तर २५० ची लाइन लागली असती. कायमचे ५० एमबीपीएस वाचले ते अपडेटच्या एका सेटिंगने आणि बॅकअपची वेळ बदलून. हेच गणित अपलोडसाठी वेगळं मांडा.

दरपत्रक मागताना १५०, २०० आणि ३०० असे तीन टप्पे मागा. टप्पे वाढतात तसा एमबीपीएसमागचा दर सहसा उतरतो, आणि कधी वरचा टप्पाही परवडून जातो. १८ टक्के जीएसटी धरून तुलना करा. वेग १:१ (पूर्ण तुमचाच) आहे की इतरांबरोबर वाटून, मधे वाढवला तर करार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो का, आणि लाइन रेडिओवर (बिनतारी) असेल तर या वेगाला सध्याचं यंत्र पुरतं का, हे लेखी घ्या. रेडिओ बदलावा लागला तर त्याचा खर्च कोणाकडे, तेही.

लाइन वाढली त्या दिवशी राउटरमधली रांगेची मर्यादा बदलायला विसरू नका. जुनी ९५ तशीच राहिली तर २०० ची लाइन घेऊनही आलेख ९५ लाच सपाट होईल. मग पुढचे दोन आठवडे तोच भागाकार चालू ठेवा. सव्वाबाराला दर साधनामागे ०.५७ च्या आसपास आले (१३१ भागिले २३०) आणि दुसऱ्या टप्प्याचा पिंग १० च्या आत राहिला, तर अंदाज बसला. दर पुन्हा साधनांबरोबर घसरायला लागला, की पुढच्या खेपेची मोजणी सुरू करायची वेळ आली.